इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? हवाई अंतर आणि प्रवासाचे तास स्वतः काढण्याची रीत

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामा नगरात मराठी घरांमध्ये चौकशी केली, तर दर दोन-तीन घरांआड कोणी ना कोणी कॅलिफोर्नियात, टोरांटोत नाहीतर मेलबर्नला निघतं. मग बाळंतपणाला किंवा मुंजीला आई-बाबा जायला निघतात आणि प्रश्न येतो, "किती तास लागतात हो?" मुलगा फोनवर सांगतो सोळा. तिकिटावर दिसतात तेवीस. इंटरनेटवर कुठेतरी 'तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास' असं लिहिलेलं असतं. आणि तिकिटावरच्या वेळा वजा करून पाहिल्या, तर पहाटे दिल्लीहून निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी अमेरिकेत उतरलेलं दिसतं.

यातलं काहीच खोटं नाही, प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो एवढंच. सरळ रेषेचं अंतर वेगळं, विमान प्रत्यक्ष कापतं ते वेगळं; हवेतला वेळ वेगळा, तिकिटावरचा वेगळा आणि घरच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचा तर फारच वेगळा. हे सगळे आकडे घरबसल्या काढता येतात. उदाहरणाला इंदूर–सॅन फ्रान्सिस्को घेतो, कारण या जोडीत सगळ्या गमती एकदम भेटतात. जाताजाता लंडन आणि मेलबर्नही येतील.

पहिली पायरी: दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश

अंतर शहराचं नाही, विमानतळाचं काढायचं. राजवाड्यापासून बिजासनजवळच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर तेरा हजारांत फरक पाडत नाहीत हे खरं. पण मोठ्या शहरांना दोन-तीन विमानतळ असतात आणि ते एकमेकांपासून पन्नास-साठ किलोमीटरवरही असतात. म्हणून सवय विमानतळाचीच ठेवा.

मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्याला लागणारे असे:

इंदूर: २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व
दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व
मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम

दशांशानंतर दोन आकडे पुरतात. त्यातली चूक किलोमीटरभराच्या आतच राहते. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा रेखांश उणे १२२.३८. इथे उणे चिन्ह विसरलं की अमेरिका थेट चीनच्या किनाऱ्याशी येऊन बसते.

रेखांशाचा शून्य आज ग्रीनिचला आहे. इंदूरकरांनी मात्र हे लक्षात ठेवायला हरकत नाही की भारतीय सिद्धांत-ज्योतिषात मध्यरेषा उज्जैनवरून जात असे आणि इंदूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. सवाई जयसिंगाने बांधलेली उज्जैनची वेधशाळा आजही उभी आहे. गणित मात्र ग्रीनिचवरूनच करायचं, कारण फोन तेच दाखवतो.

दुसरी पायरी: आधी दोरा, मग गणित

शाळेतल्या सपाट नकाशावर इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को रेघ ओढा म्हटलं, तर कोणीही ती अरबस्तान, युरोप, अटलांटिक अशी पश्चिमेकडे ओढेल, नाहीतर चीन-जपान-पॅसिफिक अशी पूर्वेकडे. दोन्ही चूक. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. दोरा इंदूरहून जवळजवळ सरळ उत्तरेला जातो, नेमकं सांगायचं तर उत्तरेपासून पूर्वेला सोळा अंश झुकून. गढवालचे डोंगर, पश्चिम तिबेट, शिंजियांग, सैबेरिया, आर्क्टिक महासागराचा कड, तिथून अलास्का आणि मग खाली कॅलिफोर्निया. वाटेत तो पंचाहत्तर अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात.

दोऱ्याने अंतरही निघतं. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. इंदूर–सॅन फ्रान्सिस्को दोरा पावणेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. नातवंडांना बसवून हे करा. पुढचं गणित बरोबर आलं का हे ताडायलाही तो आकडा कामी येतो.

तिसरी पायरी: कॅल्क्युलेटरवर अंतर

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये साइन-कॉसची बटणं उघडतात. आधी कॉस ६० करून पाहा. उत्तर ०.५ आलं तर यंत्र अंशांत आहे. उणे ०.९५ वगैरे आलं तर ते रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात आहे आणि पुढचं सगळं गणित वाया जाणार. हे न तपासल्यामुळेच बहुतेकांचं उत्तर चुकतं. एक्सेलमध्ये करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, ते कायम रेडियनच मागतं.

रीत अशी:

एक, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा.
दोन, दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशांच्या फरकाच्या कॉसने गुणा.
तीन, दोन्हींची बेरीज करा.
चार, त्या बेरजेचा उलटा कॉस (बटणावर cos⁻¹) घ्या. उत्तर अंशांत येईल.
पाच, त्या अंशांना १११.२ ने गुणा. झाले किलोमीटर.

आपल्या जोडीसाठी: साइन २२.७२ गुणिले साइन ३७.६२ म्हणजे ०.२३५८. कॉस २२.७२ गुणिले कॉस ३७.६२ म्हणजे ०.७३०६. रेखांशांचा फरक ७५.८० वजा (उणे १२२.३८), म्हणजे १९८.१८, त्याचा कॉस उणे ०.९५०१. दुसरा भाग झाला उणे ०.६९४२. बेरीज उणे ०.४५८४. उलटा कॉस ११७.२८ अंश. गुणिले १११.२ म्हणजे जवळपास १३,०४० किलोमीटर.

फरक १८० च्या वर गेला म्हणून घाबरू नका, कॉस त्याचं बघून घेतो. बेरीज उणे आली तरी घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की दुसरं शहर पृथ्वीच्या पाव घेराहून अधिक लांब आहे. आणि मधले आकडे कापत बसू नका, शेवटीच कापा.

१११.२ कुठून आले? पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, त्यावरून परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर, भागिले ३६०. वैमानिक याच एका अंशाचे ६० भाग करून त्याला सागरी मैल म्हणतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, त्यामुळे या रीतीत जास्तीत जास्त अर्धा टक्का चूक राहते. दोन संकेतस्थळांवर वीस-तीस किलोमीटरचा फरक दिसला तर कारण बहुधा हेच.

ज्यांना साइन-कॉसचा कंटाळा आहे त्यांनी गूगल मॅप्समधलं अंतर मोजायचं साधन वापरावं. तेही बृहद्वृत्तच मोजतं. म्हणून तर लांबच्या दोन शहरांमधली रेघ पडद्यावर वाकडी दिसते.

चौथी पायरी: विमान कुठे बदलायचं

इंदूरहून लांब पल्ल्याचं थेट विमान नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणाची सुरुवात जुलै २०१९ मध्ये दुबईपासून झाली आणि पुढे शारजाही जोडलं गेलं. त्यापलीकडे जायचं तर दिल्ली, मुंबई किंवा आखातात बदलायचंच. आता वरच्या रीतीने प्रत्येक वाटेची बेरीज करा, आणि इथे हे गणित पैसे वसूल करतं.

इंदूर–दिल्ली ६६३ किलोमीटर, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज १३,०४३. म्हणजे सरळ अंतरापेक्षा जेमतेम दोन-तीन किलोमीटर जास्त! दिल्ली कॅलिफोर्नियाच्या वाटेवरच आहे. कारण दोरा उत्तरेलाच जातो.

मुंबईमार्गे: ५०६ अधिक १३,५१०, म्हणजे १४,०१६. जवळजवळ हजार किलोमीटरचा वळसा. आधी दक्षिणेला जायचं आणि मग तेवढंच परत यायचं.

दुबईमार्गे: २,०९४ अधिक सुमारे १३,०२०, म्हणजे १५,१०० च्या वर. इथली गंमत पाहा. इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को १३,०४०, आणि दुबईहूनही जवळपास तितकंच. दोन हजार किलोमीटर पश्चिमेला जाऊन, तीन-साडेतीन तास घालवून, आपण मुक्कामाच्या तसूभरही जवळ आलेलो नसतो. अमेरिकेचा पश्चिम किनारा आपल्या जवळजवळ पाठीमागे, ध्रुवापलीकडे आहे; त्यामुळे पूर्व-पश्चिम सरकण्याचा उपयोग शून्य, उत्तरेला सरकण्याचाच काय तो.

लंडनचं चित्र वेगळं. सरळ अंतर ७,११५ च्या आसपास. दिल्लीमार्गे सुमारे ७,३९५, दुबईमार्गे ७,५९०, मुंबईमार्गे ७,७२०. मुंबई आपल्याला घरचीच, तिथे मामा-मावश्या, म्हणून पुष्कळ जण डोळे मिटून मुंबईमार्गे तिकीट काढतात. पण लंडनसाठी दुबईसुद्धा मुंबईपेक्षा कमी वळशाची आहे. मेलबर्नला नेमकं उलट. सरळ अंतर ९,८५० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा जवळपास पाव घेर. दिल्लीमार्गे गेलात तर हजार किलोमीटर वाढतात, मुंबईमार्गे साडेचारशे-पावणेपाचशे, आणि बंगळूरच्या दिशेने उतरलात तर दोनशेच्या थोडं वर.

माझं मत विचाराल तर अमेरिका-कॅनडाला दिल्ली, ऑस्ट्रेलियाला दक्षिणेकडचं शहर, आणि मुंबई तेव्हाच, जेव्हा तिथे दोन दिवस राहायचंच आहे. भाडं वेगळं सांगत असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा तरी आपण किती किलोमीटर जास्तीचे फिरतो आहोत हे माहीत असावं.

पाचवी पायरी: विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही

आतापर्यंत काढलं ते कमीत कमी अंतर. प्रत्यक्षात लांब उड्डाणं त्याहून तीन ते आठ टक्के, कधी त्याहूनही जास्त फिरतात. कारणं तीन आणि ती तिन्ही वेगवेगळ्या स्वभावाची आहेत.

पहिलं कारण जमिनीचं. आपला दोरा पश्चिम तिबेटवरून जातो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट उंच. उतरायला जागाच नाही. म्हणून विमानं त्याला वळसा घालतात.

दुसरं कारण सरकारांचं. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण उघडलं नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी भारतीय विमानं मग गुजरात, अरबी समुद्र असा फेरा मारतात, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. रशियाचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून युरोपीय आणि नंतर अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागू शकतो. तिकीट काढायच्या आठवड्यात परिस्थिती काय आहे ते बातम्यांत बघूनच घ्या.

तिसरं कारण वाऱ्याचं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात त्याहून जास्त. थंडीत असा एक पट्टा थेट उत्तर भारतावरून जातो. जूनमध्ये तो हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. म्हणून दिल्ली–लंडन जाताना साडेनऊ तासांच्या आसपास लागतात आणि येताना साधारण तासभर कमी.

वारा किती उपकार करू शकतो याची दोन उदाहरणं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं जम्बो विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, आधीच्या वाटेपेक्षा जवळपास १,४०० जास्त. पण पाठीवर वारा असल्यामुळे ते साडेचौदा तासांत पोचलं. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी १,०५५ किलोमीटर पडतात. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या आसपास, वरचं सगळं वाऱ्याचं. लांबची वाट आणि कमी वेळ! नुसतं अंतर पाहून तास सांगणाऱ्याला हे उदाहरण जरूर ऐकवा.

सहावी पायरी: किलोमीटरवरून तास

लांब पल्ल्याची बोइंग ७७७, ७८७ सारखी विमानं उंचावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. इंदूरहून दिल्ली-मुंबईला नेणारं एअरबस ए३२० थोडं हळू, ताशी ८३० च्या आसपास. पंख्याचं एटीआर असेल तर पाचशेच धरा. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. जवळच्या शहरासाठी एवढ्यानेच अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो.

घरगुती सूत्र असं: सरळ अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. हा अर्धा तास चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा. इंदूर–दिल्ली: ६६३ भागिले ८५० म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं, अधिक तीस, म्हणजे सव्वा तासाच्या वर. वेळापत्रकात मात्र जवळपास दीड तास दिसतो. कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो. शिवाय दिल्लीच्या गर्दीसाठी कंपन्या दहा-पंधरा मिनिटं हात राखून ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर उतरतं आणि टाळ्या पडतात.

आठ तासांच्या वरच्या उड्डाणाला सूत्रात थोडी दुरुस्ती करा. आधी अंतर सात-आठ टक्क्यांनी वाढवा, मग ८८० ने भागा. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: १२,३८० चे झाले १३,३७०, भागिले ८८० म्हणजे पंधरा तास दहा-बारा मिनिटं, अधिक अर्धा-पाऊण तास. सोळाच्या आत-बाहेर. आकाश बंद असेल, समोरचा वारा असेल तर तास-दीड तास वर.

हे झालं अंदाजाचं. खरी खातरजमा करायची तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक घाला आणि गेल्या आठवड्यात ते प्रत्यक्ष कधी सुटलं, कधी उतरलं हे वाचा. वेळापत्रकापेक्षा हा आठवडा जास्त प्रामाणिक असतो. प्रवास डिसेंबरात असेल तर जुलैचे आकडे धरू नका, वारा बदललेला असतो.

सातवी पायरी: घड्याळाचा गुंता

भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची, म्हणून दोन्हींची सरळ वजाबाकी कधीच करू नये. एकच नियम पाळा: दोन्ही वेळा आधी घरच्या घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा तास. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. तिथला बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मेलबर्न आपल्या पुढे आहे: एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेचार तास, बाकी वर्षभर साडेपाच. दिवाळी बहुतेकदा याच बदलांच्या आसपास येते, म्हणून लक्ष्मीपूजनाचा व्हिडिओ कॉल ठरवतानाही हे बघून घ्या.

समजा मे महिन्यात विमान दिल्लीहून पहाटे चारला सुटलं आणि सोळा तास लागले. घरच्या घड्याळात रात्रीचे आठ. साडेबारा तास वजा करा: सकाळचे साडेसात, तारीख तीच. तिकिटावर साडेतीन तासांचा प्रवास दिसतो तो असा. परतीला याच्या उलट. जानेवारीच्या पाच तारखेला रात्री नऊला तिथून निघालात तर आपल्याकडे सहा तारखेचे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्यात सोळा तास मिळवा, सात तारखेची पहाट अडीच. तिकिटावर पाच आणि सात अशा तारखा पाहून मधला एक दिवस दिल्लीत मुक्काम आहे असं वाटतं आणि कोणी हॉटेल बघायला लागतं. तो दिवस विमानातच गेलेला असतो. दिल्ली–इंदूर तिकीट वेगळं काढत असाल तर ते सात तारखेचं हवं.

आठवी पायरी: दारापासून दारापर्यंत

शेवटी सगळं जोडू. इंदुरात विमानतळ जवळ आहे, त्यामुळे घरून अडीच तास आधी निघालं तरी पुरे. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात हे ध्यानात ठेवायचं. इंदूर–दिल्ली दीड तास. दिल्लीत थांबा चार तास धरा. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सोळा तास. तिथे इमिग्रेशन आणि सामान दीड तास. मुलाच्या घरापर्यंत गाडीने एक तास. बेरीज साडेसव्वीस. तेरा हजार किलोमीटरला साडेसव्वीसने भागलं तर ताशी पाचशेचाही वेग पडत नाही. प्रवास लवकर संपावा असं वाटत असेल तर जलद विमान शोधून फारसं काही हाती लागत नाही. थांबा योग्य ठरवण्यात मात्र तीन-चार तास वाचतात.

थांबा म्हणजे कमीत कमी किती? जाताना, एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील तर सामान इंदुरातच शेवटपर्यंतचं टॅग लागून जातं आणि तीन तासही चालतात. दोन वेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत सामान घ्या, बाहेर या, पुन्हा काउंटरवर रांग लावा. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. पाच-सहा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं पहाटेच्या विमानांना अडकवतं. त्या दिवसांत इंदूरहून आदल्या संध्याकाळचं विमान घ्या, झोप दिल्लीत काढा. हा खर्च मी तरी वाया मानत नाही.

टर्मिनलही तपासा. मुंबईत टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल दोन सहारला, मध्ये रस्त्यावरची गाडी. दिल्लीतही देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं आणि पुढचं तीनवरून असलं तर अर्धा-पाऊण तास तिथेच गेला. सोबतीला व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागा, आणि दोन्ही विमानांसाठी मागितल्याची खात्री करा. ज्येष्ठ माणसांसाठी थांब्याचा हिशेब पायी चालण्याच्या वेगाने करायचा.

परतीचा थांबा जाण्यापेक्षा मोठा ठेवावा लागतो. देशात पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम. एकाच तिकिटावर असलात तरी साधारणपणे दिल्लीतच सामानाच्या पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या आणि पुढे इंदूरच्या विमानासाठी पुन्हा सोपवायच्या. पहाटे दोन-तीनच्या सुमाराला एकामागोमाग मोठी विमानं उतरतात आणि रांगा लांबतात. अडीचला उतरणार असाल तर सहाच्या आधीचं इंदूरचं विमान घेऊ नका. सातनंतरचं मिळालं तर उत्तम. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीयपेक्षा बरीच कमी असते. एकाच तिकिटावर असाल तर मोठी मर्यादा बहुधा पुढेही चालते, वेगळं तिकीट असेल तर नाही. मुलाने हौसेने भरून दिलेल्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असल्या तर जादा किलोचे पैसे आधी ऑनलाइन भरून टाका, काउंटरवर तेच महाग पडतात.